मान हलवायची नाही

"महालिंगा, आता वरडवत न्हाय मला. गाते. जवर ओवी ऐकू येती, तवर म्या हाय असं समज."

हा आवाज दगडांच्या खालून आला होता. त्र्याण्णव साल, भूकंपाचा दुसरा दिवस, गाव सास्तूर. गाणारी शरणम्मा सतरा वर्षांची, ऐकणारा तिचा भाऊ महालिंगप्पा तेरा वर्षांचा. आता तो चव्वेचाळीसचा झाला. त्या दिवशी त्या ढिगाजवळ काय झालं हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको जळकोटला माहेरी निघून गेली, तिला नाही. वडील, आप्पा, वारले, त्यांना नाही. उरली होती एक आई, आव्वा, आणि ती तर येईल-जाईल त्याला एकच सांगायची, "माझी शरणा झोपंतच गेली. लेकराला कायबी कळलं न्हाय."

तिच्या म्हातारपणाला एवढीच एक काठी होती. ती काढून घ्यायची कशी? एकतीस वर्षं महालिंगप्पा या प्रश्नावर दारू ओतत आला होता.

मग मेंदूचे फोटो काढणाऱ्या वृषाली मॅडम गावात आल्या. तामलवाडीच्या, बौद्ध घरातल्या, बाप शाळामास्तर. बोलणं साधं. भूकंपातून वाचलेली आणि पुढं दारूला लागलेली माणसं त्यांना हवी होती. भेदरलेला मेंदू आणि दारूसाठी तडफडणारा मेंदू आतून सारखा दिसतो का, हे त्यांना बघायचं होतं.

"यानं दारू सुटेल असं मी सांगत नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "शंभर जणांचे फोटो बघायचे, मग कुठं काही कळेल. उपयोग झाला तर पुढच्यांना."

"म्हंजी आमी बियाणं," गल्लीतला आबाराव म्हणाला. "पीक दुसऱ्याच्या रानात."

सगळे हसले. आव्वा हसली नाही. तिनं तिला हवं तेवढंच ऐकलं होतं. "फोटूत दिसंल का वो बाई, ह्याच्या डोस्क्यात दारू कुठं बसलीया ती?"

महालिंगप्पाच्या मनात मात्र दुसरंच आलं. मशीन डोक्याच्या आतलं बघतं म्हणे. मग बघू दे. तेच सांगू दे. आपलं तोंड उघडायला नको. त्यानं अंगठा न देता सही केली, दारू तोडायच्या गोळ्या घेतल्या, आणि एकवीस दिवस थेंबाला शिवला नाही.

प्रत्येकाकडून मॅडमनी दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक सगळ्यात जड. दुसरी सगळ्यात निवांत. मशीनमध्ये असताना त्या कानात ऐकवायच्या होत्या.

जड गोष्ट त्याच्याकडे तयारच होती. दर तीस सप्टेंबरला कॅमेरावाले येत, त्यांना सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती. पहाटेची वेळ, जमिनीचा गडगडाट, धूळ, आप्पांनी हाताला धरून ओढलं, मागं बघतो तर घर नव्हतं. सांगताना कुठं थांबायचं, कुठं डोळे पुसायचे, हेसुद्धा ठरलेलं.

"आणि निवांत?" मॅडमनी विचारलं.

ही गोष्ट कुणी कधी विचारलीच नव्हती. म्हणून तो सावध राहिला नाही.

"पहाट हाय. म्या वाकळंत. अक्का जात्यावर दळतीया. म्या उठत न्हाय म्हणून माझ्यावर ओवी जोडती."

"कोणती ओवी?"

त्यानं सांगितली. मॅडमनी लिहून घेतली.

*

रविवारी मशीन रिकामं असे, म्हणून रविवारी जीप सास्तूरहून धाराशिवला निघाली. वाटेत चहाला थांबले तेव्हा आबारावानं कपाळाला हात लावला. "माझ्या डोस्क्याचा फोटू काढला तर आत चकण्याच्या भाजक्या शेंगा आन मीठच निघंल मॅडम. घाबरू नगा."

"लिंबू राहिलं की आबाराव," मॅडम म्हणाल्या.

"आता काय बोलावं! बाई मानसाला सगळं म्हाईत."

आव्वा जीपमध्येच बसून राहिली. गुडघा वाकत नव्हता. भूकंपात मोडलेला पाय तिरपाच जुळला होता.

केंद्रात गेल्यावर अंगावरचं लोखंड-चांदी सगळं काढून ठेवायला सांगितलं. करदोटा, अंगठी, किल्ल्या. महालिंगप्पाच्या गळ्यात शिवदाराचा दोरा होता, त्यात चांदीची डबी, डबीत लिंग. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं हे लिंग माणूस मातीत बसवतानाच त्याच्याबरोबर जायचं. मधे ते अंगावेगळं करायचं नसतं.

"हे बी काढायचं?" आव्वाचा आवाज बदलला. "बाई, जित्या मानसाचं लिंग काढत न्हाईत आमच्यात."

"डबी चांदीची आहे आजी. तिला जोडलेली कडी कशाची आहे, ठाऊक नाही. चुंबक लई जबर असतं आत." मॅडमनी क्षणभर विचार केला. "तुम्ही हातात घेऊन बसाल का? आईचा हात म्हणजे लेकराचंच अंग."

आव्वानं मॅडमकडे बघितलं, पदर पसरला. महालिंगप्पानं शिवदार डोक्यावरून काढलं. प्यायला बसताना तो डबी पाठीमागं फिरवायचा, देवाला दिसू नये म्हणून. काढली मात्र कधी नव्हती. गळा उघडा पडल्यावर त्याला तो तेरा वर्षांचा असल्यासारखं वाटलं.

"एकच लक्षात ठेवा दादा," मॅडम म्हणाल्या. "काही झालं तरी मान हलवायची नाही. मान हलली की फोटो फुकट. त्रास झाला तर हातातला रबराचा फुगा दाबा."

त्याला उताणा निजवला. डोक्याभोवती पिंजरा बसवला, कानांवर हेडफोन दाबले. फळी आत सरकली. छत नाकापासून वीतभर वर आलं. मग ठोके सुरू झाले, जमिनीच्या पोटातून आल्यासारखे.

तेव्हा शरणम्माच्या वर किती जागा होती? वीतभर असेल की चार बोटं?

जड गोष्ट सुरू झाली. आवाज मॅडमचा. धूळ, गडगडाट, आप्पांचा हात. ती त्यानं कीर्तन ऐकावं तशी ऐकली. काही झालं नाही. हे मशीन पण कॅमेरावाल्यासारखंच, त्याच्या मनात आलं.

मग थोडी शांतता. मग निवांत गोष्ट.

"पहाट आहे. तुम्ही वाकळेत आहात. बाहेर जातं फिरतंय..."

आणि मॅडमनी ओवी वाचली नाही. गायली. त्यांचीही आजी दळायची. ओवी नुसती वाचायला त्यांना जमलं नसावं. मायेपोटी केलेली चूक.

जात्याच्या पाळीखाली पीठ पडे भुरुभुरु
झोपाळू माझा बंधू, हाका त्याला किती मारू

ठोके चालूच होते. मशीनचे होते की पत्र्यावरच्या पावसाचे, कोण सांगणार.

दुसरा दिवस. पाऊस. आव्वाचा पाय मोडलेला, तिला बैलगाडीत घोंगडीखाली निजवलेली. आप्पांनी त्याला घराच्या ढिगाशी बसवलं. "हालायचं न्हाय. आवाज आला तर सांग." आणि ते मदत शोधायला गेले. ते गेल्यावर आवाज आला. वाकलेल्या पत्र्याच्या कोपऱ्याला कान लावला की अक्का. "आप्पा येस्तोवर हितंच बस. मला भ्या वाटतंय." तो बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारल्या, पण ज्याला त्याला आपापलं होतं. दुपारी प्रेतं उचलणारी माणसं आली, नाकाला फडकी बांधलेली. वास सोसवत नाही म्हणून ती दारू पिऊन काम करत होती. एकानं या कुडकुडणाऱ्या पोराकडं बघितलं, बशीत ओतून पुढं केली. "पी. थंडी जाईल. मिलिटरी येतीया मागनं."

तो प्यायला. पोटात ऊब उतरली. दोन रात्रींची झोप साठली होती. घटकाभर पडावं म्हणून तो गाडीकडं गेला.

उठवलं ते आप्पांनी, दंडाला धरून ढिगाशी नेलं. मिलिटरीवाला समोर उभा. "इधर से कोई आवाज आती है, बेटा?" आणि आप्पा याच्या खांद्याला खांदा लावून. आप्पा, म्हणजे गुंडप्पा, असा माणूस, की कुणी दारूडा उंबऱ्यावर बसून गेला तर उंबरा शेणानं सारवून घ्यायचा. तोंड उघडलं असतं तर वास आला असता.

ओवी येत होती. की कानात बसलेली होती? हे त्याला आजवर ठरवता आलेलं नाही. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. नाही.

मिलिटरीवाला पुढच्या गल्लीत गेला.

शरणम्मा चौथ्या दिवशी निघाली. त्यांच्यात माणूस मातीत बसवतात. तिला मातीही मिळाली नाही. गावाच्या कडेला जे सरण रचलं होतं, त्यावर बाकीच्यांबरोबर ती गेली.

झोपाळू माझा बंधू...

महालिंगप्पानं फुगा दाबला नाही. त्याची मान हलत होती. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं.

*

"मशीननं काय सांगितलं?" बाहेर आल्या आल्या त्यानं विचारलं. आव्वाही आत येऊन खुर्चीवर बसली होती, मूठ पदरात.

मॅडमनी पडदा वळवला. "रंगीत चित्रं यायला महिना जाईल दादा. आता दिसते ती फक्त डोक्याची हालचाल." पडद्यावर एक रेघ होती. "ही भूकंपाची गोष्ट. बघा, रेघ सरळ. एवढा स्थिर माणूस मी बघितला नाही. आणि ही निवांत गोष्ट." इथं रेघ वेड्यासारखी वरखाली झाली होती. "निवांत गोष्टीत तुम्ही अशी मान का हलवली? कुणाला तरी नाही म्हणत असल्यासारखी?"

"मशीनला ठाऊक न्हाय?"

"मशीनला एवढंच दिसतं की हललं. कशानं, ते नाही दिसत." मॅडमचा चेहरा उतरला. "मी गायला नको होतं. चूक माझी आहे. हा तुकडा टाकून द्यावा लागेल."

"आन पयली गोष्ट?"

"ती ठेवायची. ती चांगली आली."

त्याला हसू आलं, आणि ते हसू ऐकून आबाराव दारातून डोकावला. "काय रं, पास का नापास?"

"खोटं पास झालं," महालिंगप्पा म्हणाला. "खरं टाकून देनार हायेत."

आबाराव पुढं काहीतरी बोलणार होता. पण चेहरे बघून त्यानं दार ओढून घेतलं.

आता मशीनचा आधार गेला होता. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. महालिंगप्पा आव्वाच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसला.

"आव्वा, अक्का झोपंत न्हाय गेली. ती गात हुती. म्या ऐकलं. दारू पिऊन म्या झोपलो, आन मिलिटरीवाल्यानं इचारलं तवा मान हलवली. आप्पास्नी वास येईल म्हणून."

मॅडमनी हातातला कागद हळूच पालथा ठेवला. कुठंतरी मशीन थंड करणारा पंखा घुमत होता.

आव्वानं पदरातून डबी काढली. शिवदार त्याच्या डोक्यावरून घातलं, डबी छातीवर सारखी केली.

"झोपंत न्हाय गेली ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "तिला काढली तवा वढणीची घडी घालून उशाला घेतली हुती पोरीनं. निवांत पडून वाट बघत हुती ती. झोपंत गेलेलं मानूस घडी घालतं व्हय?"

"मग एकतीस वर्सं गावाला सांगत आलीस..."

"गावाला न्हाय. तू ऐकत बसायचास म्हणून सांगायची." तिनं डोळे मिटले. मग उघडले, आणि त्याच्याकडं न बघता, पडद्यावरच्या त्या वेड्या रेघेकडं बघत बोलली.

"त्या दिसी तू गाडीत येऊन माझ्या कुशीत शिरलास. तोंडाला वास येत हुता. तुझ्या बापानं तुला तिथं बसवलंय, हे मला म्हाईत हुतं. म्या जागी हुते, महालिंगा. एक हाक मारायची हुती. पर तू ऊनऊन हुतास, जिता हुतास, आन मला सोडवंना. म्या तुला उठवलं न्हाय. वर घोंगडी टाकली."