"इथे होत नाही"

डॉ. जीना भुईगावची. विरारला चंदनसारमध्ये डॉ. हरेश यांच्या भागीदारीत ती प्रसूतिगृह चालवायची. एका दुपारी तिची जुनी पेशंट जुमाना सासूबरोबर आली. सासू आवाज खाली आणून म्हणाली, थोरली नात सात वर्षांची झाली, तिचा खतना करायचाय. पूर्वी बाई घरी येऊन ब्लेडने करायची, आता डॉक्टरच्या हातून स्वच्छ झालेलं बरं.

मुलीच्या नाजूक अवयवाचा भाग कापण्याची ही त्यांच्या घराण्यातली चाल. जुमाना मान खाली घालून बसली होती. तिच्या बाळंतपणात जीनाने तिचाही जुना व्रण पाहिला होता. दुसऱ्याच्या धर्मात कशाला पडा, म्हणून तेव्हा ती काही बोलली नव्हती.

"हे इथे होत नाही," एवढंच सांगून जीनाने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आपण नाही म्हणालो, याचं तिला समाधानही वाटलं.

काही दिवसांनी जुमाना थोरल्या अरवाला उचलून धावत आली. फ्रॉक रक्ताने भिजला होता. दुसऱ्या एका दवाखान्यात कापलं होतं आणि रक्त थांबेना, तेव्हा त्या डॉक्टरने हात वर केले होते. जीनाने टाके घातले. पोर वाचली. पण ती शुद्धीवर आल्यावर आईने तिच्या कपाळावर हात ठेवला, तसं तिने तोंड फिरवलं. आइस्क्रीम खायला जाऊ, असं सांगून आईनेच तिला नेलं होतं.

हरेश म्हणाले, पडून लागलं असं लिहा आणि मोकळ्या व्हा.

जीनाने जुमानाला विचारलं, "तू स्वतः हे सोसलंस. तरी तिला नेलंस?"

"मी भांडले, डॉक्टर. सासूबाई म्हणाल्या, वाईट असतं तर डॉक्टरबाईच बोलल्या असत्या. तुम्ही म्हणालात, इथे होत नाही. मग आम्ही जिथे होतं तिथे गेलो. माझं तर तुम्ही पाहिलं होतंत. एक शब्द बोलला असतात, तर घरात मला तो सांगता आला असता."

 जीना उठली, जे घडलं होतं तेच केसपेपरवर लिहिलं आणि पोलिसांना फोन केला. मग मागोमाग येऊन पोचलेल्या सासूसमोर बसून म्हणाली, "स्वच्छ हातांनी केली तरी ही इजाच आहे. याचा शरीराला काहीच फायदा नाही, उलट जन्मभराचा त्रास आहे. धाकटीला कुणाला हात लावू देऊ नका. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

सासू तिला नको नको ते बोलली. त्या घरातलं कुणी पुन्हा तिथे आलं नाही. दोन्ही मुलींना घेऊन जुमाना माहेरी गेली. धाकटी वाचली. अरवा मात्र आजही डॉक्टर दिसला की आईमागे लपत नाही, एकटीच कोपऱ्यात जाऊन उभी राहते.

वाचकहो, लोक रागावतील म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याला सभ्यपणा म्हणतो. डॉक्टर असा, नर्स असा, शेजारी असा, पोरीच्या अंगाला हात लागण्याआधी स्पष्ट बोला. नंतर फक्त टाके घालता येतात.