पडद्यामागच्या बाई

पेंटरनं एक चूक केली. चहाच्या टपरीवर, चांगल्या दहाबारा माणसांसमोर, त्यानं छातीठोकपणे सांगितलं की या हातानं पुन्हा ब्रश धरला तर नाव बदलीन. बँकेनं त्याच्या हातची पाटी उतरवून तिथं छापील फ्लेक्स लावला होता, त्याचा तो राग. राग खरा होता, मान्य. पण माणसानं चारचौघांत असं बोलून बसू नये. लोक विसरत नाहीत, आणि टपरीवरचे तर मुळीच नाहीत.

एके काळी गावातली एकूण एक पाटी त्याच्या हातची होती. शाळा, न्हावी, दातांचा डॉक्टर, पिठाची गिरणी, सगळ्यांची. प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, देठासकट एक बारीकसं पान असायचं. ती त्याची सही. पान दिसलं की लोक म्हणायचे, पेंटरचं काम. फ्लेक्स आले आणि तीन वर्षांत सगळ्या पाट्या भंगारात गेल्या. पेंटर घरी बसला.

घरी बसला म्हणजे अक्षरशः बसला. खिडकीपाशी खुर्ची आणि दोन्ही हात खिशात. त्याची बायको लाँड्रीत इस्त्रीला होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यातले कोट, सव्वीस वर्षं वाफेत उभी. सकाळी जाताना नवरा जसा बसलेला बघायची, तसाच तो संध्याकाळी सापडायचा. एक दिवस तिनं सहा डबे घासूनपुसून त्याच्यापुढं मांडले आणि म्हणाली, "अहो, यांच्यावर नावं लिहून द्या ना. घाईत मीठ कुठलं नि साखर कुठली कळत नाही मला."

झालं! पेंटरच्या मस्तकात तिडीकच गेली.

"आता डब्यांवर नावं लिहू? बँकांच्या पाट्या केल्यात मी! एवढंच व्हायचं राहिलं होतं."

ताडकन उठून जो बाहेर गेला तो रात्रीच्या जेवणालाच परतला. तेव्हापासून दोघांत धड बोलणं नव्हतं. जेवायला वाढलंय, दार लावून घ्या, एवढंच. डबे फळीवर कोरेच्या कोरे राहिले. चार महिने.

आता सूनबाईंकडे या. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सुनेनं दोन गल्ल्या सोडून एक गाळा घेतला आणि तिथं पार्लर काढलं. भुवया, केस, चेहरा यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हल्लीच्या कॉलेजच्या पोरींना नखांवर नक्षी हवी असते, आणि तिथं हिची गाडी अडायची. सरळ रेघ ओढायला जावं तर ती झोकांड्या खात जायची.

गळका नळ बघायला म्हणून पेंटर एका दुपारी तिथं गेला. सून प्लास्टिकच्या नखांवर सराव करत होती. त्यानं पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं, पाना हातात तसाच. शेवटी त्याला राहवेना.

"अगं, मधेच श्वास काय सोडतेस? रेघ पुरी होईस्तो धरायचा. दे इकडे."

त्यानं रेघ ओढली. नखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी बारीक. सून बघतच राहिली. प्रतिज्ञा मोडली ती अशी, आणि साक्षीला होते फक्त सून आणि गळका नळ.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, सदऱ्याच्या आत स्वतःचा खारीच्या केसांचा ब्रश लपवून. सुनेकडे होत्या नव्हत्या तेवढ्या नेलपॉलिशच्या बाटल्या त्यानं ओळीनं मांडल्या आणि एका फुटक्या टाइलवर प्रत्येकीचा पट्टा ओढला. कुठली पटकन वाळते, कुठलीला बुडबुडे येतात, कुठलीतून खालचा रंग डोकावतो, सगळं बघितलं. महाग ती चांगली, हा सुनेचा समज त्यानं दोन दिवसांत मोडीत काढला. फुटपाथवर टोपलीत ढिगानं विकायला असतो तो विटकरी लाल सगळ्यात दाट निघाला, आणि काचेच्या दुकानातला भारीतला लाल म्हणजे नुसतं पाणी.

"यांनी खर्च बाटलीवर केलाय, रंगावर नाही," तो म्हणाला. "आणि घट्ट झाली म्हणून तिच्यात ते रिमूव्हर ओतू नकोस हां. कोमट पाण्यात उभी कर. माणसासारखं असतं, ऊब मिळाली की सैल होतं."

हे वाक्य त्यानं स्वतःही जरा ऐकायला हवं होतं, पण ते असो.

मग त्यानं अट घातली. नखं रंगवीन, पण कुणाच्या दृष्टीस पडणार नाही. टपरीवर कळलं असतं तर संपलंच होतं. काय रे पेंटर, बँकेची पाटी सोडून बायकांची नखं? नाव काय ठेवलंस नवीन? नुसत्या विचारानंच त्याची कानशिलं तापायची. सून हुशार. तिनं गाळ्याच्या मागच्या भागाला जाड पडदा लावला, पडद्याला टेबलाच्या उंचीवर एक फट ठेवली. गिऱ्हाइकानं बाहेर बसायचं आणि फटीतून हात आत घालायचा. आत दिव्याखाली पेंटर, हातात डॉक्टरी हातमोजे, म्हणजे राठ बोटं कळायला नकोत. बाहेर सांगायचं, आमच्या बाई फार लाजाळू आहेत, बोलत नाहीत.

पडद्यामागच्या बाईंचा बोलबाला झाला. कुणी म्हणे त्यांचा चेहरा भाजलाय. कुणी म्हणे मोठ्या घरच्या आहेत, सासरच्यांना चोरून येतात. एक तर शपथेवर सांगत होती की बाई परदेशात शिकून आल्यात, तिथं अशीच फटीतून शिकवण्याची पद्धत आहे. पेंटर आत बसून हे सगळं ऐकायचा आणि गालातल्या गालात हसायचा. खरं सांगायचं तर तीन वर्षांत तो इतका खुशीत कधी नव्हता. सकाळी उठायला त्याला कारण सापडलं होतं.

सुनेचीही एक अट होती. "बाबा, ते पान काढायचं नाही. ते पान गावात शेंबडं पोरही ओळखतं. पकडले जाल."

आता घरात लपवाछपवी आली. एकदा अंगठ्यावर गुलाबी डाग राहिला.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"गेटाचा रंग. एकाचं गेट होतं."

"गुलाबी गेट?"

"असतात."

आणि रविवारी घरचे कपडे इस्त्री करताना तिला त्याच्या सदऱ्याच्या बाहीवर सोनेरी चमकी सापडली. तिनं बाही उजेडाकडे धरली, बोटानं टिपून बघितली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. ती ओरडली असती तर परवडलं असतं, असं पेंटरला वाटलं.

त्या गुरुवारी दुपारी पार्लरात दोन पोरी बसल्या होत्या. त्यातली एक टपरीवाल्याची मुलगी. पेंटर आत ब्रश पुसत होता, तेवढ्यात सुनेचा आवाज आला, नको तितका मोठा.

"अगंबाई, आई! तुम्ही? इथं?"

पेंटरच्या हातातला ब्रश खाली पडला. त्यानं मागं बघितलं. मागं दार नाही, एक खिडकी, तिला गज.

"उद्या शेवटचा दिवस आहे ना माझा लाँड्रीत," बायको सांगत होती. "सगळ्यांचा मिळून फोटो काढणार आहेत. बायका पाठीस लागल्यात, नखं रंगवून या. मी म्हटलं, या वयात कसली थेरं! पण मग म्हटलं जाऊ दे. सव्वीस वर्षं या हातांनी दुसऱ्यांचे कपडे नीटनेटके केले. एक दिवस त्यांनाही नीटनेटकं करू."

"पण आई, आमच्या बाई आज सुट्टीवर..."

"नाही हो काकू, आहेत ना!" टपरीवाल्याची मुलगी मदतीला धावली. "आत्ताच माझ्या मैत्रिणीची केली. हात घाला आत, चावत नाहीत."

आणि फटीतून हात आला.

एकतीस वर्षांचा संसार, पण हा हात असा दिव्याखाली, समोर ठेवलेला, पेंटरनं कधी बघितलाच नव्हता. मनगटावर इस्त्रीचे चटके, जुने पांढरे आणि एक ताजा. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. नखं पिवळट, अंगठ्याच्या नखावर उभ्या रेघा. बाहेर सून खोकत होती, अजून खोकत होती.

"कुठला रंग लावू म्हणून विचारतायत का त्या?" बायको म्हणाली. "मला काही कळत नाही त्यातलं. बाई, तुम्हीच ठरवा. मला शोभेल असा."

पाटी रंगवताना आधी फळीचा रंग बघायचा, मग अक्षराचा ठरवायचा, ही त्याची जुनी शिस्त. त्यानं रंगवलेली प्लास्टिकची नखं एकेक करून तिच्या बोटाशी धरली. गुलाबीनं हात आणखी काळवंडला. जांभळा ओरडत होता. विटकरी लाल धरला आणि हात एकदम शांत दिसला, घरचा दिसला. त्यानं तोच घेतला. अंगठ्याच्या रेघा कानशीनं हलक्या हातानं घासल्या, आधी बिनरंगाचं अस्तर दिलं, मग मधोमध एक आणि कडेनं दोन, असे रंगाचे पट्टे ओढायला लागला.

"तुमचा हात हलका आहे हो," बायको म्हणाली. समोरून उत्तर येणार नाही हे माहीत असलं की माणूस मोकळा होतो, तशी ती बोलत सुटली. "आमच्या यांचाही असाच होता. पेंटर आहेत ते. गावातल्या पाट्या सगळ्या त्यांच्या. आता काम नाही, त्याचं मला काही नाही बघा. घर चालतंय. पण हात खिशात घालून बसतात हो. ज्या हातानं एवढी अक्षरं काढली तो हात खिशात. मला बघवत नाही."

पेंटर करंगळीपर्यंत आला होता. तिथंच थांबला.

"म्हणून मी आपली युक्ती केली. सहा डबे पुढं ठेवले, म्हटलं नावं लिहून द्या. मला काय डबे कळत नाहीत? हुंगून सांगीन डोळे मिटून. पण म्हटलं, निमित्तानं ब्रश हातात घेतील. मला एकदा बघायचं होतं त्यांना तसं, खाली वाकून, श्वास धरून. तर ते रागावले. त्यांना वाटलं मी कमीपणा दाखवला. आता सांगायचं तरी कसं? सांगितलं तर आणखी दुखावतील." ती जरा थांबली. "आणि रविवारी सदऱ्यावर चमकी! हसू का रडू कळेना. म्हटलं, कुठं का जाईनात, खुर्चीतून उठलेत एवढं खरं."

चार महिने! चार महिने हा शहाणा रुसून बसला होता, आणि ती बिचारी गप्प राहून त्याला जपत होती. पेंटरला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर समोरचं नख दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

करंगळी झाली. अंगठा मुद्दाम शेवटी ठेवला होता. तोही झाला. लाल रंग वाळेपर्यंत तो बसून राहिला. बाहेर टपरीवाल्याची मुलगी होती. संध्याकाळपर्यंत बातमी टपरीवर, उद्या गावभर. त्याला सगळं कळत होतं. त्यानं सगळ्यात बारीक ब्रश घेतला, पांढऱ्यात बुडवला, श्वास धरला आणि अंगठ्याच्या नखावर, उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक पान काढलं. तिळाएवढं, देठासकट.

हात बाहेर गेला. बायकोनं अंगठा उजेडाकडे धरला. सुनेचा खोकला थांबला.

"अहो," बायको म्हणाली.

पेंटरनं ब्रश खाली ठेवला.

"अहो, तो पडदा आधी बाजूला करा. इतक्या कमी उजेडात बारीक काम करताय, डोळे घालवून बसाल."

पेंटर उठला आणि त्यानं पडदा सरकवला. नाकावर चष्मा, हातात मोजे, गालावर लाल रंगाचा फराटा. बायको रडतही होती आणि हसतही होती. टपरीवाल्याच्या मुलीचा आ वासलेला तसाच राहिला.

"काका, तुम्ही?" ती कशीबशी म्हणाली. "पण बाबा तर सांगतात, तुम्ही ब्रश धरला तर नाव बदलणार होतात!"

"बदललंय की," बायको म्हणाली. "पडद्यामागच्या बाई. सांग जा टपरीवर. आणि आता रांगेत बस गुपचूप, माझा अजून एक हात व्हायचाय." मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "संध्याकाळी येताना तो ब्रश घरी आणा. डबे कोरेच आहेत अजून."

पेंटरनं मोजे काढून टेबलावर ठेवले.

"कुठल्या रंगात लिहू?"

"ह्याच," ती म्हणाली, आणि तिनं दुसरा हात पुढं केला.