पहिल्याच किकला

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि गेली दोन वर्षं माझी तब्येत अगदी ठणठणीत आहे. कितीही थंडी असो, मी पहिल्याच किकला सुरू होते. पोशेरा गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा आहे, तिथे कुणालाही विचारा. ही काही मी फुशारकी मारत नाही. मला या गोष्टीचा जराही आनंद होत नाही, आणि तो का होत नाही तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझे सुरुवातीचे दिवस लाडाकोडात गेले. कारखान्यातून निघाले ती जव्हारला भास्कर गुरुजींच्या दारात येऊन उभी राहिले. गुरुजींनी माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. दर रविवारी ते मला मऊ फडक्याने पुसायचे. घाट असो की पाऊस, मी त्यांना शाळेत कधी उशीर होऊ दिला नाही. गुरुजी चारचौघांत माझं कौतुक करायचे आणि मी उगाचच फुगायचे.

पुढे बटण दाबलं की सुरू होणाऱ्या नव्या गाड्या आल्या. त्यांच्यात पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रं असतात. माझ्याकडे आहे तो साधा कार्बोरेटर. त्याच्या वाटीत पेट्रोल साठतं, ते हवेत मिसळतं आणि एका आखूड रबरी नळीतून इंजिनात जातं. इंजिन गार असताना त्याला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. गरम झालं की मग ते फारसे नखरे करत नाही. गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली आणि मी दोन वर्षं पत्र्याच्या आडोशाला उभी राहिले. कोंबड्या माझ्या सीटवर बसायच्या. त्याच काळात कधीतरी ती रबरी नळी कडक झाली आणि तिला केसाएवढी चीर पडली. ती कुणाला दिसली नाही आणि तेव्हा मलाही कळली नाही.

मग मला पाड्यावरच्या ढवळूने घेतलं. ढवळू ठाण्याला बांधकामावर मजुरी करायचा. पण त्याच्या बायकोचा, सुकरीचा, श्वास अधूनमधून अडकायचा आणि तिला एकटी सोडून राहणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून त्याने ठाणं सोडलं. सकाळी मोखाड्याला जाऊन मिळेल ते काम करायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, एवढ्यासाठी मी त्या घरात आले.

पहिल्या हिवाळ्यातच माझं दुखणं बाहेर पडलं. पहाटे ढवळू वीस-वीस किका मारायचा. मी खोकायचे, फट् करून एक आवाज काढायचे आणि गप्प व्हायचे. ऊन चढलं की मात्र शहाण्यासारखी चालू लागायचे. ढवळूने प्लग बदलला, पेट्रोल बदललं, कार्बोरेटर उघडून फुंकला. एकदा तर घमेल्यात निखारे भरून माझ्या इंजिनाखाली ठेवायला निघाला होता. सुकरीने त्याचा हात धरला.

"पेटवतोस का तिला?" ती म्हणाली. "तिला थंडी वाजते, दुसरा काय नाय."

तिने आपल्या अंगावरची गोधडी आणली आणि माझ्या इंजिनाला गुंडाळली.

"आन तू काय घेशील?" ढवळूने विचारलं.

"मी निजन चुलीपाशी."

त्यानंतर रोज रात्री तिची गोधडी माझ्यावर आणि ती चुलीच्या धुरात. मला थंडी वाजतच नव्हती, मित्रांनो. माझ्या नळीला चीर होती. गारठ्यात रबर आखडलं की ती उघडायची आणि तिच्यातून नको तेवढी हवा आत शिरायची. इंजिन तापलं की चीर आपोआप मिटायची. पण मला कुठे बोलता येतं. मी आपली तिची गोधडी पांघरून उभी राहायचे.

सुकरीचं दुखणंही माझ्यासारखंच होतं. पहाटे ती धडपडून उठायची, गुडघ्यांवर हात टेकून बसायची आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. ऊन वर आलं की श्वास मोकळा व्हायचा. तोवर मीही सुरू झालेली असायचे. मग ढवळू तिला मागे बसवून मोखाड्याच्या दवाखान्यात न्यायचा. तिथल्या डॉक्टरीणबाई फार मायेने तपासायच्या.

"आत्ता तर छाती साफ आहे," त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि ढवळूला बजावलं, "त्रास होत असेल तेव्हाच आणा हिला, अगदी पहाटेसुद्धा. मी इथंच राहते. एकदा मला दिसलं म्हणजे नेमकं काय ते कळेल."

बाहेर आल्यावर ढवळू माझ्याकडे बघत राहिला. सुकरीला मात्र हसू आलं. "आमी दोघी सारख्याच," ती माझ्या टाकीवर थाप मारत म्हणाली. "दवाखान्यात आलो का बऱ्या होतो."

ढवळूने मग माझाच पिच्छा पुरवला. जव्हारला हेमंत नावाचा मेकॅनिक आहे, हाताला गुण असलेला. पण त्याच्या दुकानापर्यंत घाट चढून जाईस्तोवर मी चांगली तापलेली असायचे. दोनदा त्याने मला तपासलं आणि दोन्ही वेळा मी सुरेल वाजले. "गाडी एक नंबर आहे, ढवळूदादा," तो म्हणाला, "तुमच्या मनातच काहीतरी बसलंय." मला त्या वेळी बंद पडायची फार इच्छा होती. पण तेही मला जमलं नाही.

तिसऱ्या खेपेला पौषातला गारठा होता. पाड्यावरची तरणी माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, दुसरी गाडी नाही. ढवळूने हेमंतपुढे हात जोडले.

"हेमंतभाऊ, मना पहाटची गाडी पायजे. एकच पहाट चालू झाली तरी चालंल. बाईला डॉक्टरीणबाईकडं दम लागलेला असताना दाखवायची हाय."

हेमंतचा चेहरा बदलला. "मग आज ही इथंच ठेवा," तो म्हणाला. "गार झालेली मला सकाळी बघू द्या. गरम गाडीत मला काहीच सापडणार नाही."

ढवळू घुटमळला. माझ्या सीटवरून हात फिरवत राहिला. "एका रातीचा काय," असं स्वतःशीच म्हणाला आणि शेवटच्या जीपने घरी गेला. मला एवढंच बरं वाटलं, की आज गोधडी सुकरीच्या अंगावर असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे हेमंत चहासुद्धा न घेता, कानटोपी घालून दुकानात आला. त्याने किक मारली आणि मी खोकले. पुन्हा मारली, मी कशीबशी धडधडत राहिले. त्याने पिचकारीत पाणी घेऊन त्या रबरी नळीवर मारलं. पाण्याने चीर झाकली गेली आणि माझा आवाज लगेच बदलला. "सापडलीस," तो म्हणाला. त्याने नवी नळी बसवली आणि मला पुरती गार होऊ दिलं. त्यानंतर मी पहिल्याच किकला सुरू झाले. आता उद्या पहाटे सुकरीला घेऊन जायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मी दिवसभर ढवळूची वाट बघत होते.

तो आला पाचव्या दिवशी.

"या ढवळूदादा, मारा किक," हेमंत हौसेने म्हणाला. ढवळूने किक मारली आणि मी सुरू झाले. त्याने माझ्या टाकीवर हात ठेवला.

"त्याच पहाटं दम आला तिला," तो म्हणाला. "लई जोराचा. तिच्याच गोधडीची झोळी केली, चौघा म्हाताऱ्यांनी खांदा दिला. शेजारची गोजाबाई मागना रडत चालली व्हती. सडकेला लागलो तवा ऊन पडला. ऊन पडला का तिला बरा वाटतं ना. मना वाटला, आता बोलंल."

हेमंतने पुढे होऊन माझी चावी बंद केली. त्याने त्याचं काम चोख केलं होतं, डॉक्टरीणबाईंनी त्यांचं. चीर मात्र माझ्यात होती आणि त्या पहाटे मी घरी नव्हते. हे माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, घरातल्या गाडीला वेळेवर तेल घाला, तिला पावसात आणि कोंबड्यांखाली सोडून देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक महत्त्वाचं मागणं आहे. कुणी म्हणालं, मला पहाटे त्रास होतो, तर त्याला दुपारी बघून तू बरा आहेस असं म्हणू नका. पहाटे उठा आणि त्याच्यापाशी जाऊन बसा.

ढवळू अजून रोज रात्री ती गोधडी माझ्या इंजिनाला गुंडाळतो. मला तिची गरज नाही, हे त्याला ठाऊक आहे. सुकरीच्या उठायच्या वेळेला तो बाहेर येतो, गोधडी काढून घडी घालतो आणि किक मारतो. मी पहिल्याच किकला सुरू होते. तो थोडा वेळ ऐकतो आणि मला बंद करतो.