चढलो मी, पोचली ताई

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. जुना, पण जुनाट नव्हे! उजव्या मांडीच्या पुढच्या बाजूला माझा मुक्काम. माझी मालकीण अग्निशमन दलात जवान आहे. दलाच्या ठाण्यात सगळे तिला ताई म्हणतात. पाण्याची जड नळी खांद्यावर टाकून ताई जिने चढते, असं लोक कौतुकाने सांगतात. खरं विचाराल तर चढतो मी, ती नुसती वर पोचते.

माझा कारभार ऐका. पहिल्या काही पायऱ्यांपुरती तयार शक्ती माझ्या खिशातच असते. डॉक्टर तिला एटीपी म्हणतात. पण तो खिसा बघता बघता रिकामा होतो. मग मी साखरेचा साठा फोडतो. ताईच्या जेवणातूनच तो माझ्याकडे जमतो, त्याचं नाव ग्लायकोजेन. फार घाई असली तर प्राणवायूची वाट न बघता मी साखर फोडतो. काम झटपट होतं, पण शक्ती थोडी मिळते आणि माझी नुसती आग आग होते. तेच जरा दमाने घेतलं, श्वासातला प्राणवायू रक्तातून माझ्यापर्यंत आला, की तेवढ्याच साखरेतून मी कितीतरी जास्त शक्ती काढतो. जोडीला चरबीही वापरतो. घाई करणाऱ्याचं मी थोडा वेळ ऐकतो. दमाने चालणाऱ्याला मात्र शेवटपर्यंत साथ देतो.

अशी माझी ऐट होती. मग एका आगीत जिना कोसळला आणि ताईचा उजवा गुडघा मोडला. मी प्लास्टरमध्ये अडकलो. काम नाही त्याला पोसायचं कशाला, हा शरीराचा रोखठोक न्याय. मी सुकत गेलो. प्लास्टर निघालं तेव्हा ताईच्या लेकीने विचारलं, "आई, हा पाय तुझाच आहे ना गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईला ठाण्यात आगीचे फोन घ्यायच्या टेबलावर बसवलं. ठाण्याचे साहेब म्हणाले, "सरावाचा मनोरा नळी घेऊन चढून दाखवा. नळी खाली टेकली, तर कायमचं हेच टेबल." त्या दिवसापासून ताई घरी खुर्चीवरून उठबस करू लागली. लेक समोर बसून "अजून एक, अजून एक" म्हणायची. हळूहळू मी भरत गेलो.

परीक्षेचा दिवस आला. आमच्या ठाण्यात एक खोड आहे. मनोऱ्याचा पहिला मजला सगळे धावतच चढतात आणि खालून बाकीचे आरडाओरडा करतात. त्याचा उपयोग शून्य, पण रुबाब मोठा. "ताई, दाखवा की जोर!" कुणीतरी ओरडलं आणि ताई सुटलीच. मी खिसा रिकामा केला, साखर भराभर फोडली. तिसऱ्या मजल्यावर मी पेटलो होतो, थरथरत होतो. नळी खांद्यावरून घसरू लागली.

मागून येणारे साहेब थांबले. "टेकवताय का, ताई?"

"नाही, साहेब. चुकलं माझं, पोरांच्या नादाला लागले. आता माझ्या चालीने येते."

तिने नळी सावरली, खोल श्वास घेतला आणि एकेक पायरी चढू लागली. खालचा आरडाओरडा थांबला. प्राणवायू येऊ लागला तशी माझी आग निवळली. मग काय, मी आपलं खरं काम सुरू केलं! मजल्यामागून मजला गेला. गच्चीवर पोचल्यावर साहेब धापा टाकत म्हणाले, "फोनच्या टेबलाला आता दुसरं माणूस बघावं लागेल."

ताई मटकन खाली बसली. हसत, रडत तिने दोन्ही हातांनी मला चोळलं. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या मांडीतही माझा एक भाऊ आहे. तो बोलत नाही, कुरकुरत नाही, काम मिळालं नाही तर मुकाट्याने सुकतो. त्याला वेळेवर जेवू घाला, दमाने राबवा. हे वाचताना बराच वेळ बसला आहात ना? मग उठा. तो वाट बघतोय.