उलट्या काळजाची फुलं

कोंब चार मिलिमीटर लांबीचा होता, पांढरट गुलाबी, आणि कुंडीच्या मधोमध येण्याऐवजी अगदी कडेला, माती आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून वर आला होता. मी पट्टी लावून पाहिली. मध्यापासून नऊ सेंटिमीटर. सायक्लामेन या फुलझाडाचा कंद झोपेतून उठला की कोंब त्याच्या डोक्यावरून निघतो. इतका लांबचा वळसा घालायचं त्याला काही कारण नसतं.

बोटाने माती सारली. कंदाचा तळ, गुळगुळीत, पालथ्या वाटीसारखा, वर आला होता. म्हणजे कंद उलटा होता, आणि कोंब बिचारा खालून निघून, कडेने फिरून उजेड शोधत आला होता. दुसरी कुंडी उकरली. तीही तशीच. अकराच्या अकरा.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. ती माझी सवय आहे. वही काढली. लागवडीच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मुळांची बाजू वर, त्यावर तीन सेंटिमीटर माती. शिवाय गेल्या हिवाळ्यात याच कुंड्यांत पानं नीट मधोमध आली होती. कंद आपण होऊन कूस बदलत नाहीत.

या जातीचं नाव हेडरीफोलियम. नऊ वर्षं मी ती बियांपासून वाढवते आहे. उन्हाळाभर कुंडी रिकामी दिसते, मग हवा गार झाली की आधी फुलं येतात आणि पानं मागाहून. प्रत्येक झाडाच्या पानावरची चंदेरी नक्षी वेगळी. दर पिढीतली सर्वांत चंदेरी रोपं निवडून मी त्यांचंच बी धरत आले. सात नंबरच्या कुंडीतलं रोप तिसऱ्या पिढीचं. त्याचं पान अख्खं चांदीचं, कडेने फक्त हिरवी रेघ. ते यंदा पहिल्यांदा फुलायचं होतं. आता फुलणार नव्हतं. मरणारही नाही, ही जात चिवट असते. पण वर्ष गेलं ते गेलंच.

शेजारच्या सहा कुंड्यांत कूम ही दुसरी जात होती, बुटकी, ऐन थंडीत फुलणारी. त्या उकरल्या. कंद जागच्या जागी, सुलटे. तिथे मला उत्तर मिळालं. कूमची मुळं तळातून फुटतात, हेडरीफोलियमची डोक्यावरून आणि खांद्यांवरून. मुळं खालीच असतात एवढंच ज्याला ठाऊक, त्याने कूम तसेच ठेवले असणार आणि बाकीचे सुधारले असणार. आणि न विचारता सुधारणारं माणूस आमच्या घरात एकच आहे.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मोठ्या रुग्णालयात ती हेड नर्स होती. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घराला कुलूप लावून ती ‘चार दिवस’ माझ्याकडे आली. आल्याआल्या तिने माझं टेबल फिरवलं, कारण उजेड डावीकडून हवा. माझ्या सूक्ष्मदर्शकाला विणलेलं झाकण घातलं. फुलांना नाव तर पहिल्याच हंगामात ठेवलं. मान खाली आणि पाकळ्या मागे उलटलेल्या पाहून म्हणाली, “उलट्या काळजाची फुलं गं तुझी. तोंड दाखवायला नको कुणाला!” मी हसले होते. तेव्हापासून मला स्वतःलाही ती तशीच दिसतात, आणि तरी थंडीत रोज सकाळी मी त्यांच्यापुढे उकिडवी बसते.

ताई फिरायला गेली होती. मी तीन कंद सरळ केले, सातवा धरून. नवी मुळं दोऱ्यासारखी नाजूक होती, हातात तुटली. चौथ्याला हात लावायचं धाडस झालं नाही. तशीच नखांत माती घेऊन कामावर गेले.

आमच्या प्रयोगशाळेत बियाणं तपासतात. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि ठरल्या दिवशी किती रुजल्या ते मोजायचं. त्या दिवशी एकच कागद मी तीनदा मोजला आणि तीन वेगळे आकडे आले. प्रमुख बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“डोंगरावरच्या केंद्राचं काय ठरलं?”

“बघते, मॅडम.”

“मार्चपासून बघताय. अहो, इतक्या दिवसांत न रुजलेलं बी आपण मेलेलं धरतो.”

डोंगरावर बियांचं कोठार आहे, आणि ते सांभाळायला त्यांना मी हवी होते. राहायला दोन खोल्या, मागे झाडांच्या सावलीतला उतार. तिथे सायक्लामेन कुंडीत कोंडायची गरज नाही. झाडाखाली, मातीत, आपलं आपण पसरेल. मार्चमध्ये मी म्हटलं होतं, हेडरीफोलियमला पानं आहेत, आत्ता हलवता येणार नाही. जुलैमध्ये म्हटलं, माझी तिसरी जात, परप्युरासेन्स, फुलावर आहे. आता कूमचे कोंब दाखवता आले असते. तीन जाती मिळून वर्षाचे बाराही महिने व्यापतात. ज्याला कारणच हवं आहे त्याला इतकी सोयीची झाडं शोधूनही सापडायची नाहीत.

“उद्या शेवटचा दिवस,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मी दुसरं नाव पाठवते. काल तुमच्या घरी फोन केला होता. ताईंनी घेतला. म्हणाल्या, ती कुठे जायची नाही. मी म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकावं.”

संध्याकाळी घरी आले तेव्हा ताई टेबलाशी भाजी निवडत बसली होती. मी चप्पलही काढली नाही.

“कुंड्यांतले कंद तू फिरवलेस?”

“ते होय!” तिचा चेहरा खुलला. “मे महिन्यात तू त्या प्रशिक्षणाला गेली होतीस ना, तेव्हा. उकरून बघते तर काय, सगळी मुळं आभाळाकडे! म्हटलं, एवढी शिकलेली बहीण माझी, आणि बिचाऱ्यांना शीर्षासनाला लावलंय.”

“त्यांची मुळं वरूनच फुटतात, ताई.”

“वरून? मुळं?”

“वरून.”

“त्या सहांची तर खाली होती.”

“ती वेगळी जात.”

“काहीतरीच बाई.” तिच्या हातातली जुडी टेबलावर टेकली. “मेले का?”

“नाही. पण यंदा फुलणार नाहीत.”

“मग पुढच्या वर्षी फुलतील. तीस वर्षं पेशंटांच्या कुशी बदलल्या मी, एकाच्याही पाठीला जखम होऊ दिली नाही. तू तर असं तोंड केलंयस, जसा काही खून केलाय. आधी सांगून ठेवायचंस ना!”

एवढ्या वेळात पहिल्यांदा मला खरा संताप आला, कारण तिचं बरोबर होतं. मी सांगून ठेवलेलं नव्हतं. मी काहीच सांगून ठेवत नाही.

“आणि मॅडमना काय सांगितलंस?”

“जे दिसतं ते.”

“तुला काय दिसतं?”

“त्या केंद्राचं पत्र मार्चपासून साखरेच्या डब्याखाली आहे, छोटे. तो डबा रोज कोण पुसतं?”

मी डब्याकडे पाहिलं.

“मी वाट बघत होते,” ती म्हणाली. आवाज हेड नर्सचा राहिला नव्हता. “एप्रिल गेला, मे गेला. म्हटलं, जायचं असतं तर बोलली असती. तुला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासूनच. दूध नको असलं तरी पेला हातात धरून बसायचीस तासभर. म्हणून मीच नाही म्हटलं, तुझ्या वतीने.”

“मला जायचंय.”

“जायचंय?”

“हो.”

“मग तसं म्हण की, बये!” ती उठलीच. डोळे पुसल्यासारखं केलं आणि लगेच हात कामाला लागले. निवडलेली भाजी चाळणीत, देठ कागदात. “दोन खोल्या लिहिल्यात पत्रात. एकीत माझी खाट आणि तुझं टेबल. उजेड कुठून येतो ते जाऊन बघू. कुंड्या मी गोणपाटात गुंडाळते, आणि या वेळी प्रत्येकीवर चिठ्ठी, मुळं वर का खाली. तू फक्त सांग, मी लिहिते.”

“ताई.”

“थांब गं. उंचावर थंडी असेल, मोठी रजई काढायला हवी. तिथे दवाखाना आहे का? नसला तरी मी आहेच म्हणा.”

तिचं प्रत्येक वाक्य मायेचं होतं आणि एकातही मला बोट शिरवायला जागा नव्हती. सात महिने मी ज्याला घाबरत होते ते हेच. तिचं रागावणं नव्हे. ती नळाखाली भाजी धुऊ लागली, पाण्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने पुढचं बोलू लागली: तिच्या घराची किल्ली कोणाकडे ठेवायची, पडदे इथलेच न्यावेत की नवे शिवावेत.

मी पुढे होऊन नळ बंद केला.

“काय झालं?”

“खाट न्यायची नाही, ताई,” मी म्हटलं. “मी एकटी जाणार आहे.”