ड्वेनचे दोन निबंध

ड्वेन गळ्यातला टाय सारखा ओढत होता. टाय बापाचा, रुंद नि तपकिरी. शेजारी गाडी चालवणारी रेनी, त्याची जुळी बहीण, त्याच्यावर खेकसली की हात खाली घे, नाहीतर आत जाण्याआधीच गळफास लागेल.

झालं होतं असं. रेनीनं अकरावीतच शाळेला रामराम ठोकला आणि गाड्या धुवायच्या दुकानात लागली. ड्वेन मात्र टिकला. आत्ता निघाले होते, त्याच कॉलेजात त्याला जायचं होतं. तिथं कुस्तीचा संघ होता आणि घरून येऊन-जाऊन करता आलं असतं. बाकी मार्क बरे होते, पण प्रवेश परीक्षेतल्या निबंधाला बारापैकी पाच पडले आणि पोराच्या तोंडचं पाणी पळालं. मग अर्जासोबत घरून जो निबंध पाठवायचा असतो, तो रेनीनं लिहिला. म्हणाली, ते पाच झाकायचे तर काहीतरी झणझणीत पाहिजे. तिनं नदीला पूर आणला, त्यात आजोबांना बुडवलं, आणि शेवट असा केला की दगडानंही रडावं. खरे आजोबा ठणठणीत होते, ओहायोभर बोलिंगच्या स्पर्धा खेळत हिंडत होते.

मग कॉलेजातून फोन आला, की एकदा येऊन भेटून जा.

रस्ताभर ती त्याच्याकडून आजोबांचं मरण घोकून घेत होती. पूर कधी आला, दोर कुणी टाकला. ड्वेन दर वेळी चुकायचा आणि ती दर वेळी स्टिअरिंगवर थाप मारायची.

प्रवेशाचं काम मिसेस लिंडक्विस्ट नावाच्या बाईंकडे होतं. त्यांनी रेनीला बाहेर थांब म्हटलं नाही, म्हणून तीही आत घुसली. टेबलावर दोन निबंध. एक अर्जातला. दुसरा रेनीनं लगेच ओळखला. ड्वेननं परीक्षेत पेन्सिलनं लिहिलेला, खाडाखोडीसकट. परीक्षावाले नुसते मार्क पाठवतात असं ती धरून चालली होती. कॉलेजनं मागितलं तर पोरानं लिहिलेलंही बघायला मिळतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

बाईंनी शांतपणे विचारलं, की हे दोन्ही तूच लिहिलंस का?

रेनीनं डोळ्यांनीच त्याला दटावलं. ड्वेननं टाय सैल केला.

“नाही. हा पुराचा हिनं लिहिलाय. आणि आजोबा जिवंत आहेत.”

रेनीचं डोकं सटकलं. ती बाईंवरच घसरली. पोराला घड्याळ लावून लिहायला बसवता, त्यावरून त्याची लायकी ठरवता, मग त्यानं करायचं तरी काय? बाईंनी तिला सगळं बोलून घेऊ दिलं.

“अगं, पाचावरून आम्ही कुणाला बाहेर काढत नाही,” त्या म्हणाल्या. “पाच आले तर उन्हाळ्याच्या सुट्टीत लेखनाचा वर्ग करायला लावतो, एवढंच. मी हा परीक्षेतला निबंध बघितलाही नसता. पण तुझा पूर वाचला, आणि शाळेच्या पत्रात होतं की मुलगा चार शब्द विचारले तर दोन बोलतो. तेव्हा मागवला.”

 रेनीनं टेबलावरचा पुराचा निबंध उलटा करून ठेवला.

अर्ज इथंच बंद करता येईल, बाई ड्वेनला म्हणाल्या. पण तू विचारल्याबरोबर खरं बोललास. शेजारच्या खोलीत बस, अर्जातल्या निबंधाचाच विषय घे, पण स्वतः लिही, मग बघू.

बाहेर बसलेल्या रेनीला काचेतून सगळं दिसत होतं. ड्वेन पेन्सिल चावत होता. एक ओळ लिहायचा, खोडायचा, तीच पुन्हा लिहायचा. तिच्या हाताला नुसती खाज सुटली. ती उठून दारापर्यंत गेली, तर काउंटरवरच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. परत येऊन बसली. नखं खाऊन झाली, तेव्हा ड्वेन कागद घेऊन बाहेर आला.

बाईंनी उभ्यानंच वाचला. वाक्यं तुटकी आहेत, म्हणाल्या. मग परत वरून वाचला.

“जूनपासून वर्गाला येशील?”

“येईन.”

“मग जागा तुझी.”

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, काय लिहिलंस? त्यानं टाय काढून खिशात कोंबला.

“सांग की, मेल्या.”

“नाही. तू लगेच दुरुस्त करायला बसशील.”

रेनीनं गाडी रिव्हर्समध्ये टाकली.