बाही लागली

शेळगावच्या विजयसिंहतात्यांना बारामतीत मान होता तो एका गोष्टीसाठी. भिगवण रोडला टायरच्या दुकानावर हिंदुरावांचा स्नूकरचा हॉल, आणि तिथला कायदा तात्यांनी घालून दिलेला. आपला फाऊल आपणच सांगायचा. समोरच्यानं बोट दाखवायचं नाही, आणि पंचबिंच ही भानगडच नाही. एरवी बिलंदर असलेली पोरं तात्यांसमोर निमूट आपली चूक कबूल करायची. सोहेलनं पूर्वी एकदा लपवलं होतं, तर तात्यांनी भर हॉलमध्ये त्याच्या हातातली स्टिक काढून घेतली आणि महिनाभर टेबलाला हात लावू दिला नव्हता. पोरगं रडकुंडीला आलं होतं.

आता तोच सोहेल पंचविशीचा झालेला आणि आज तात्यांच्या समोर उभा. पुण्याच्या स्पर्धेला हॉलमधून एकच जण जाणार होता, आज जिंकेल तो. तात्यांनी पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याचा नंबर दरसाल वाढतोय. ही शेवटची संधी, असं बायकोला, राजेश्वरीला सांगूनच गडी घरातून निघालेला. अंगात कडक इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट. फोटो निघणार ना!

टेबलावर तीनच बॉल उरले, ब्ल्यू, पिंक आणि ब्लॅक. तात्या इतके मागं, की तिन्ही पॉकेटात घातले तरच जिंकणार. ते ब्ल्यूवर वाकले आणि ती कडक बाही पिंकला घासली. बॉल हलला. केसभर, पण हलला. फाऊल सांगितला तर सहा गुण सोहेलला, म्हणजे खेळ खल्लास.

तात्यांनी हळूच आजूबाजूला पाहिलं. हिंदुराव चहा ओतत होते, बाकीचे मोबाइलात. सोहेल स्टिकला खडू लावत खाली बघत होता. अहो, तोंड उघडायला असा किती वेळ लागतो? पण नाही उघडलं. तात्यांनी ब्ल्यू घातला. मग पिंक. दर शॉटला वाटायचं, आता सांगावं, आणि दर शॉटनंतर सांगणं आणखीच जड व्हायचं. ब्लॅकही गेला.

टाळ्या पडल्या. सोहेलनं पुढं होऊन हात मिळवला, वाकून पायाही पडला. तात्यांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यांनी त्याला जिन्यात ओढलं.

“सोहेल, माझी बाही लागली हुती. पिंकला.”

“व्हय तात्या. बघितलं मी.”

“मग बोलला का न्हाईस, बाबा?”

“आपल्यात तसं बोलत न्हाईत. तुमीच शिकवलंय.” सोहेलनं नजर दुसरीकडं वळवली. “ब्लॅक जाईस्तवर वाट बघितली. मला वाटलं, तुमी सांगाल.”

तात्यांचे कान तापले. आतून हिंदुराव फोटोसाठी हाका मारत होते. तात्या आत गेले आणि सगळ्यांसमोर एका दमात सांगून टाकलं, “फाऊल झाला हुता माझा. लपवला मी. पुण्याला सोहेल जाईल.”

कुणी शिवी हासडली असती तरी चाललं असतं. पोरं नुसती टेबलाकडं बघत राहिली. मग सोहेलच म्हणाला, “तात्यांनी स्वतःच सांगितलं न्हवं? मग झालं तर.”

ते ऐकून तात्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.